अ‍ॅपला जात नसते म्हणे!

"आता कुठे राहिली जात? मोबाईलवरून ऑर्डर देताना कोणी कोणाची जात विचारतं का?" हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. विचारणारे बहुतेक वेळा शिकलेले, बऱ्या पगाराचे आणि स्वतःला पुरोगामी समजणारे असतात. बाजाराला फक्त पैसा कळतो, तंत्रज्ञानापुढे सगळे सारखे, म्हणून फुले-आंबेडकरी चळवळीचं उरलेलं काम आता स्मार्टफोनच करून टाकेल, अशी त्यांची श्रद्धा आहे. श्रद्धेला पुरावा लागत नाही. पण आपण बुद्धाला मानणारी माणसं आहोत, आपल्याला पुरावा लागतो. म्हणून गेल्या काही वर्षांतल्या, सगळ्यांनी वाचलेल्या आणि विसरलेल्या व्यापारी बातम्याच तपासून पाहू.

हिरवा गणवेश, लाल गणवेश

१९ मार्च २०२४. झोमॅटोने 'प्युअर व्हेज' सेवा जाहीर केली. फक्त शाकाहारी हॉटेलांचं जेवण पोचवणारं वेगळं पथक, त्यांचा डबा हिरवा, गणवेशही हिरवा. या डब्यात मांसाहारी जेवण तर जाणार नाहीच, पण मांसाहारी पदार्थ करणाऱ्या हॉटेलातली साधी डाळही जाणार नाही. कंपनीचे प्रमुख दीपिंदर गोयल यांनी कारण दिलं, की डब्यात कधी जेवण सांडतं आणि त्याचा वास पुढच्या ऑर्डरला लागतो.

क्षणभर हे कारण खरं मानू. वास डब्याला लागतो, तर डबा धुवावा किंवा वेगळा ठेवावा. माणसाच्या अंगावरच्या कपड्याचा रंग कशासाठी बदलायचा? आणि चिकन करणाऱ्या हॉटेलातल्या डाळीला कसला वास येतो? इथे नाकाचा संबंध संपतो आणि विटाळाचा सुरू होतो. स्वयंपाकघर बाटलं, म्हणून भांडं बाटलं, भांडं बाटलं म्हणून नेणारा बाटला. ही साखळी आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी समजावून सांगावी लागली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी हिरवा गणवेश मागे घेतला गेला. मागे घेताना दिलेलं कारण जास्त महत्त्वाचं आहे. लाल कपड्यातल्या मुलाकडे मांसाहारी जेवण आहे असं समजून सोसायट्या त्याला काही विशिष्ट दिवशी गेटवरच अडवतील, आणि काही ग्राहकांना घरमालकाकडून त्रास होऊ शकेल, हे कंपनीने स्वतः मान्य केलं. म्हणजे या शहरांत ताटात काय आहे यावरून माणसाला घर मिळतं किंवा नाकारलं जातं, हे कंपनीला ठाऊक होतं. मुंबई-पुण्यात भाड्याचं घर शोधलेल्या कोणत्याही बौद्ध किंवा मुस्लिम तरुणाला विचारा. "नॉनव्हेज खाता का?" हा प्रश्न म्हणजे जात विचारण्याची सभ्य रीत आहे. गणवेशाचा रंग गेला, पण वेगळं पथक ठेवणार असल्याचं कंपनीने त्याच वेळी सांगितलं. काही महिन्यांनी व्हेज मोडसाठी बिलात दोन रुपये शुल्क लावल्याचं उघड झालं. त्यावरही ओरड झाली, माफी आली आणि शुल्क गेलं. सोवळ्याचा बाजारभाव काय, ते त्या निमित्ताने समजलं.

याच कंपनीचं २०१९ मध्ये देशभर कौतुक झालं होतं. जबलपूरच्या एका ग्राहकाने डिलिव्हरी करणारा हिंदू नाही म्हणून ऑर्डर रद्द केली, तेव्हा कंपनीने त्याला नमतं घेतलं नव्हतं, अन्नाला धर्म नसतो असं सुनावलं होतं. पाच वर्षांत काय बदललं? कंपनीचं मन बदललं असं मी म्हणत नाही. कंपनीला मन नसतंच, तिला ग्राहक असतो. ग्राहकाला सोवळं हवं असेल तर अ‍ॅप सोवळं विकेल. बाजार जातीला मारतो म्हणणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.

'कचरा' आणि 'इन्स्टा मेड'

जून २०२३. पर्यावरण दिनानिमित्त पुनर्वापराची जाहिरात करायची होती. 'लगान' चित्रपटातला कचरा हा अस्पृश्य खेळाडू आठवा. तेच पात्र, तोच अभिनेता, आणि त्या माणसाला जाहिरातीत दिवा केलं, टेबल केलं. कचऱ्यापासून काय काय बनतं, हा विनोद. टीका झाली, जाहिरात मागे घेतली गेली, राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाची नोटीसही आली. मला त्या जाहिरातीपेक्षा ती मंजूर करणाऱ्या खोलीबद्दल कुतूहल आहे. जाहिरात बनवणारे, पाहणारे, होकार देणारे इतके जण, आणि त्यात "अरे, हे आपण माणसाला कचरा म्हणतोय" असं म्हणून ती थांबवणारं कोणी नव्हतं. आरक्षणाने गुणवत्ता जाते म्हणणाऱ्यांनी ही गुणवत्ताही बघावी.

मार्च २०२५. अर्बन कंपनीने मुंबईत पंधरा मिनिटांत घरकामाला बाई पाठवण्याची सेवा आणली. नाव ठेवलं 'इन्स्टा मेड्स'. सुरुवातीचा दर ताशी ४९ रुपये. टीका झाल्यावर नाव 'इन्स्टा हेल्प' केलं. कंपनीने खुलासा केला, की काम करणाऱ्या बाईला ताशी १५० ते १८० रुपये आणि विमा मिळतो, ४९ ही सवलत आहे. ठीक आहे, खुलासा धरून चालू. मग ग्राहकाला शिकवलं काय? एका बाईच्या एक तासाच्या मेहनतीची किंमत दोन वडापाव आणि एक चहा, हे शिकवलं. गुंतवणूकदारांच्या पैशातून दिलेली सवलत एक दिवस संपेल, पण ग्राहकाच्या डोक्यात बसलेला दर तसा जाणार नाही. तोच दर उद्या शेजारच्या वस्तीतून येणाऱ्या मावशीला ऐकवला जाईल.

त्या मावशीचं नुकसान दरापुरतं नाही. मी घरकामगार बायकांच्या बैठकांना जाते. घरकामगार बाईकडे संघटना नसते, नियुक्तिपत्र नसतं, पीएफ नसतो. तिच्याकडे एकच हत्यार असतं, दांडी. खाडा कापला, दिवाळीचा बोनस नाकारला, चोरीचा आळ घेतला, तर ती दुसऱ्या दिवशी येत नाही. मग सिंकमध्ये भांडी साचतात आणि बाईसाहेबांना फोन करावा लागतो. आता भांडी साचायच्या आत पंधरा मिनिटांत दुसरी बाई दारात हजर. जी येते ती तशाच एखाद्या वस्तीतली, कदाचित तिच्याच नात्यातली. गिरणीमालक संप फोडायला बदली कामगार आणायचे, त्यासाठी त्यांना मुकादम लागायचा. आता बोट लावलं की झालं.

आणि त्या दोघी ज्या इमारतीत जातात तिथले नियम बघा. मेन लिफ्ट रहिवाशांसाठी, कामवाल्यांनी आणि डिलिव्हरीवाल्यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी. चहाचा कप वेगळा, खिडकीच्या कोपऱ्यात पालथा घातलेला. जो संडास ती रोज घासते, तो तिला वापरता येत नाही. अ‍ॅपने यातली एक गोष्ट बदलली का? एकही नाही. ग्राहकाने बाईला पाच तारे द्यायचे की एक, याची सोय मात्र केली. वेगळा कप देणाऱ्या ग्राहकाचं खातं बंद झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

यंत्र आलं, जात राहिली, हे आपण आधीही पाहिलंय

यंत्र आलं की जात जाईल, ही आशा नवी नाही. मुंबईच्या कापड गिरण्या म्हणजे त्या काळचं आधुनिक तंत्रज्ञान. विलायती यंत्रं, वाफ, भोंगा, घड्याळ. त्या यंत्रांवर अस्पृश्यांना काम मिळालं, पण साचेखात्यात नाही. धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून जास्त पगाराचं विणकाम सवर्णांना आणि कमी पगाराची खाती आमच्या लोकांना. विलायतेत बनलेल्या यंत्राला जात नव्हती. ती त्याला गिरणगावात येऊन चिकटली. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा वर्गाची भाषा बोलणाऱ्यांनाही तो अडचणीचा वाटला.

रेल्वेतही तेच. १९३८ मध्ये मनमाडच्या दलित रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी दाखवून दिलं, की अस्पृश्याला गँगमन म्हणून घेतात पण पोर्टर म्हणून घेत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामाला लावतो आणि त्याला घरात अस्पृश्य नको असतो. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू त्यांनी त्याच परिषदेत सांगितले. जात ही श्रमाची नुसती वाटणी नसून श्रमिकांचीच वाटणी आहे, हे ते १९३६ मध्येच मांडून बसले होते. समाजशास्त्राच्या वर्गात हे सिद्धांत म्हणून शिकवतात. आमच्या वस्तीत तो रोजचा हिशोब आहे.

"पण रोजगार तर मिळतो ना?"

हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो आपल्याच पोरांचा आहे. गावात पाटलाच्या दारात उभं राहण्यापेक्षा बाईकवर बॅग टाकलेली बरी, असं ते म्हणतात. बरोबर आहे. बाबासाहेबांनी आपल्याला गाव सोडायला सांगितलं ते उगाच नाही. शहरातल्या अनोळखीपणाने आपल्याला श्वास दिला. या अ‍ॅपनीही कोणाचं शिक्षण चालवलं असेल, कोणाच्या आईचं औषध आणलं असेल. अ‍ॅप बंद करा, असं माझं म्हणणं नाही.

माझं म्हणणं इतकंच, की काम देणाऱ्याने मालक असल्याचं कबूल करावं. नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालानुसार देशात २०२०-२१ मध्ये ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. या सगळ्यांना कंपन्या 'पार्टनर' म्हणतात. हा कसला पार्टनर, ज्याला नफ्यात वाटा नाही आणि ज्याचा आयडी कधीही बंद होऊ शकतो? सप्टेंबर २०२५ मध्ये अर्बन कंपनीचे शेअर बाजारात आले, शंभरपटीहून जास्त मागणी आली. २०२१ मध्ये याच कंपनीच्या महिला कामगार आंदोलनाला बसल्या, तेव्हा कंपनी त्यांच्याविरुद्ध कोर्टात गेली होती. भागीदार भागीदाराला अशी वागणूक देतो का?

दया नको, कायदा हवा

ऑक्टोबर २०२४ मध्ये झोमॅटोचे प्रमुख स्वतः डिलिव्हरीचा गणवेश घालून गुरुग्रामच्या एका मॉलमध्ये गेले, तेव्हा त्यांना लिफ्ट नाकारून जिन्याने जायला सांगितलं. त्यांनी व्हिडिओ टाकला, देश हळहळला. अब्जाधीशाला एक दिवस जिना चढावा लागला तेव्हा बातमी झाली, लाखो पोरं रोज चढतात त्याची नाही. टीप द्या, पाणी विचारा, हसून बोला, अशा पोस्टही खूप फिरतात. पाणी जरूर विचारा. पण पाणी हा आमचा हक्क आहे हे आम्ही १९२७ मध्ये महाडला सांगून झालोय. उपकार म्हणून ते नको.

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झाली. तिच्यात गिग कामगाराची व्याख्याच मालक-कामगार नात्याच्या बाहेरची आहे. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधी द्यायचा, तोही कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही. आता महाराष्ट्राचा १९६९चा माथाडी कायदा आठवा. हमालालाही एक मालक नव्हता, आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. तरी महाराष्ट्राने मंडळ केलं, टोळीची नोंद केली, काम करून घेणाऱ्याकडून मजुरीसोबत लेव्ही वसूल केली आणि त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, दवाखाना उभा केला. मालक अनेक असले तरी हक्क देता येतात, हे या राज्याने देशाला दाखवलं. तरी गिग कामगारांचा कायदा आधी राजस्थानने २०२३ मध्ये केला, मग कर्नाटकाने २०२५ मध्ये केला. माथाडीचा वारसा सांगणारा महाराष्ट्र मागे राहिला.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. माथाडीच्या धर्तीवर मंडळ, आणि त्यात अ‍ॅपवरून जाणारी घरकामगार बाईही. प्रत्येक ऑर्डरवर लेव्ही. लेखी कारण आणि सुनावणीशिवाय आयडी बंद नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींत स्पष्ट नियम, की लिफ्ट, पाणी आणि शौचालय यात कामगारांशी भेदभाव करता येणार नाही, केला तर उपनिबंधकाने कारवाई करावी. आणि येणाऱ्या जनगणनेत जात मोजली जाणारच आहे, तर कोणत्या जातीची किती माणसं बॅग वाहतात, किती संडास धुतात आणि किती जण ऑफिसात बसून अ‍ॅप चालवतात, हेही देशाला कळू द्या. कंपनीला मुलाचा दर मिनिटाचा ठावठिकाणा माहीत असतो. मग सरकारला त्याची सामाजिक स्थिती माहीत असायला हरकत काय?

शेवटचं आपल्यातल्या त्या लोकांसाठी, जे आता वनबीएचके-टूबीएचकेमध्ये राहायला गेलेत. घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, हॉलमध्ये बुद्धमूर्ती आहे. छान आहे. पण सोसायटीच्या सभेत सर्व्हिस लिफ्टचा ठराव येतो तेव्हा तुम्ही काय करता? आडनाव कळेल म्हणून गप्प बसता? मेन लिफ्टमध्ये तुम्ही उभे आहात ते कोणाच्या तरी संघर्षामुळे. पुढच्या सभेला उठा, ठरावाला विरोध करा आणि तो विरोध इतिवृत्तात नोंदवून घ्या. सुरुवात तिथून होईल.

जय भीम.