प्रयोगशाळेबाहेर : ओटमीलचा डबा आणि तारमास्तर आजोबा



या अंकात प्रयोगशाळा सोडून जरा अंगणात येऊ या. विषय आहे हौशी रेडिओ, म्हणजे इथे ज्याला ‘हॅम रेडिओ’ म्हणतात तो. पण आधी एक कबुली.

दोन वर्षांपूर्वी मराठी शाळेतल्या पाच मोठ्या मुलांना मी हॅमच्या पहिल्या, म्हणजे ‘टेक्निशियन’ परवान्याच्या परीक्षेला बसवलं. परीक्षा फार अवघड नसते. पस्तीस प्रश्न, सव्वीस बरोबर आले की पास. वयाची अट नाही. संभाव्य प्रश्न सुमारे चारशे आणि ते सगळे उत्तरांसकट आधीच जाहीर केलेले. आता आपल्या मुलांना चारशे प्रश्न पाठ करणं म्हणजे हातचा मळ! पाचही पास झाली, मंडळाच्या कार्यक्रमात टाळ्या झाल्या, मी पण जरा मिरवून घेतलं. सहा महिन्यांनी पाचही घरी फोन केला. एकाचा रेडिओ ड्रॉवरमध्ये, एकाचा खोक्यातून बाहेरच आला नव्हता, एकाच्या आईला तो टीव्हीचा रिमोट वाटला होता. एकानेही बटण दाबून तोंडातून शब्द काढला नव्हता. परवाना दहा वर्षांचा असतो, त्यामुळे पाचही जण आजही रीतसर परवानाधारक आहेत. आणि मुके.

दोष मुलांचा नाही. छंदाचा क्लास मीच केला. फ्लॅशकार्डं, सराव परीक्षा, टक्केवारी. आपल्याला दुसरं येतंच काय? मी स्वतः तशीच डॉक्टरेटपर्यंत आले.

म्हणून या वर्षी उलट्या बाजूने सुरुवात केली. पहिले तीन शनिवार ‘परीक्षा’ हा शब्दच काढायचा नाही. ओटमीलचा गोल पुठ्ठ्याचा डबा, त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे, गॅलेना नावाच्या दगडाचा खडा आणि एक इअरफोन, एवढ्यावर रेडिओ. गॅलेना म्हणजे शिशाचं सल्फाइड, माझ्याच प्रांतातली वस्तू. काळपट, चांदीसारखी चमक असलेला. त्यावर बारीक तारेचं टोक हलकेच टेकवायचं आणि ‘जागा’ शोधायची. जागा सापडली की माणूस बोलायला लागतो, कुणी टेबलाला धक्का दिला की गप्प. रेडिओलहरी पकडण्यासाठी या खड्याचा उपयोग करण्याचं अमेरिकन पेटंट १९०४ साली मिळालं ते आपल्या जगदीशचंद्र बोसांना, हे इथल्या शाळेत कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगितलं.

मुलांचा पहिला प्रश्न होता, ‘बॅटरी कुठे आहे?’ बॅटरी नाहीच. न्यूयॉर्कची पन्नास किलोवॅटची मीडियम वेव्ह केंद्रं हवेत जी ऊर्जा सोडतात, तिचा कणभर भाग झाडाला बांधलेल्या लांब तारेत उतरतो आणि त्यावरच कानात आवाज येतो. (घरी करून बघणार असाल तर मोबाईलचा इअरफोन चालणार नाही, जास्त रोधाचा लागतो. माझे दोन शनिवार यातच गेले.) एक नऊ वर्षांचा मुलगा चाळीस मिनिटं कानाला हात लावून बसला होता. बेसबॉलची कॉमेंटरी चालू होती. घरी त्याला बेसबॉलमध्ये काडीचा रस नाही.

आता आजोबांची गोष्ट. मंडळातल्या एका घरी सहा महिन्यांसाठी पुण्याहून आजोबा आले होते. दिवसभर घरात एकटे, बाहेर चालायला फुटपाथ नाही, हे आपल्या सगळ्यांच्या घरचं चित्र आहे. नातवाबरोबर एका शनिवारी ते माझ्या गॅरेजमध्ये आले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. मी मोठ्या रिसीव्हरवर मुलांना मोर्स ऐकवत होते. आजोबा म्हणाले, ‘हे काय, शिट्ट्या वाजवतायत?’

तेव्हा कळलं की आजोबा तार खात्यात होते. तरुणपणी मोर्सवर काम केलेले तारमास्तर. त्यांच्या वेळी साउंडर असे. त्यात सूर नसतो, नुसता ‘कट्ट’ असा ठोका. दोन ठोक्यांमधली शांतता मोजून कान अक्षर ओळखतो. रेडिओवर मात्र लांब-आखूड सूर येतात. पाव तास ते डोळे मिटून बसले. मग पेन्सिल मागितली आणि वीजबिलाच्या पाकिटावर अक्षरं उतरवायला लागले. कुणीतरी ओहायोतला माणूस आपल्या अँटेनाची आणि थंडीची हकिकत सांगत होता. आजोबांचा हात काही ठिकाणी अडला, पण थांबला नाही. चाळीस वर्षांनी! मुलं त्यांच्याभोवती कधी गोळा झाली ते मला कळलंही नाही.

भारतातली तार सेवा १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली. त्या दिवशी आजोबा घरात कुणाशी काही बोलले नव्हते, असं त्यांच्या सूनबाईंनी मला नंतर सांगितलं.

पुढचे सगळे शनिवार आजोबांचे. मी छापून आणलेला टिंब-रेघांचा तक्ता त्यांनी उलटा करून ठेवला. ‘बघायचं नाही, ऐकायचं.’ आणि ते बरोबरच आहे. तक्ता पाठ केलेला माणूस आधी टिंबं मोजतो, मग तक्ता आठवतो, तोवर पुढची दोन अक्षरं निघून जातात. गंमत म्हणजे २००७ पासून इथल्या कुठल्याच हॅम परवान्याला मोर्स लागत नाही. जे परीक्षेला नाही, नेमकं तेच मुलांनी हौसेने शिकलं. यावरून मी काय समजायचं ते समजले.

जूनच्या चौथ्या शनिवार-रविवारी देशभरातले हॅम ‘फील्ड डे’ करतात. मैदानात तंबू, झाडांना तारा, जनरेटर, आणि चोवीस तास जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क. परवाना नसलेल्यांसाठीही बहुतेक ठिकाणी एक टेबल असतं. शेजारी परवानाधारक बसतो, मूल बोलतं. आमची मुलं गावच्या क्लबच्या तंबूत गेली. बटण हातात आल्यावर सगळ्यांची दातखीळ बसली, दिवसभर फोनला चिकटलेल्या मुलांचीसुद्धा. अनोळखी माणसाशी, ऐनवेळी, पुसून पुन्हा लिहिता येत नाही असं बोलायची त्यांना सवयच नाही. एक तेरा वर्षांची मुलगी सगळ्यात मागे होती. शाळेत तिचं नाव कुणाला नीट घेता येत नाही, म्हणून तिने ते दोन अक्षरी करून टाकलंय. रात्री गर्दी कमी झाल्यावर ती बसली. टेनेसीतल्या एका म्हाताऱ्याने संपर्क झाल्यावर सहज विचारलं, नाव काय? रेडिओवर सगळ्यांचंच नाव अक्षर-अक्षर फोडून सांगतात, अल्फा, ब्राव्हो, चार्ली असं. तिने दहाच्या दहा अक्षरं सांगितली. त्याने लिहून घेतली आणि पूर्ण नाव परत म्हणून दाखवलं. ‘ळ’चा ‘ल’ झाला एवढंच. तिची आई माझ्या बाजूला उभी होती. आम्ही दोघी काही बोललो नाही.

आता पालकांच्या शंका. ‘कॉलेजच्या अर्जात याचा उपयोग होईल का?’ होईलही, पण कृपया मुलांसमोर विचारू नका. ‘अनोळखी लोकांशी बोलणं सुरक्षित आहे का?’ इथे काहीच खाजगी नसतं, गुप्त भाषेत बोलायला कायद्याने बंदी आहे आणि सगळे ऐकत असतात. काळजी वेगळीच घ्यायची. परवान्यावरचा पत्ता सरकारी यादीत सर्वांना दिसतो, तेव्हा घरच्या पत्त्याऐवजी पोस्टातली पेटी द्या. ‘खर्च?’ हातातला साधा रेडिओ तीसेक डॉलरला मिळतो, परीक्षेची फी पंधराच्या आत, आणि २०२२ पासून सरकारी फी पस्तीस डॉलर. ‘फोन असताना कशाला?’ ज्यांनी २०१२ चं सँडी वादळ इथे काढलं त्यांना हे सांगायला नको. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौसेखातर रेडिओ घेऊन पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली, आणि अंदमानातून निरोप बाहेर पोचवायला हीच हौशी मंडळी कामी आली.

आजोबा ऑक्टोबरमध्ये परत गेले. त्यांच्या नातवाने आता ‘टेक्निशियन’ होऊन पुढच्या ‘जनरल’चा अभ्यास काढलाय, कारण त्याशिवाय १४ मेगाहर्ट्झवर बोलता येत नाही, आणि तिथून इकडची सकाळ व तिकडची संध्याकाळ जुळली की भारत लागू शकतो. म्हणजे वरच्या वातावरणात सूर्याच्या अतिनील किरणांनी अणूंचे इलेक्ट्रॉन पुरेसे सुटे केले असतील तर. परवाना नसलेल्याला परदेशाशी बोलू द्यायचं तर त्या देशाशी करार लागतो, भारताशी तो नाही. तेव्हा दोन्ही टोकांना परवाने हवेत. आजोबांनी एकोणऐंशीव्या वर्षी पुण्यात परीक्षेची चौकशी सुरू केली आहे. मुलगा म्हणतो, ‘बाबा, रोज व्हिडिओवर बोलतो की आपण!’ नातू म्हणतो, ते वेगळं.

पुढची तुकडी नवीन वर्षात सुरू होईल. आई-बाबांपैकी एकाने मुलाशेजारी बसायचं, ही अट. नुसतं सोडून जायचं नाही. घरी कुणाचे आई-वडील येणार असतील तर त्यांनाही आणा. आणि ओटमीलचे रिकामे डबे फेकू नका, मला वीस हवे आहेत. गोल पुठ्ठ्याचेच, प्लॅस्टिकची पिशवी नको.