‘सगळं छान आहे’

सामाजिक कार्यकर्त्या बाई पहिल्यांदा पाठपुराव्याला आल्या, तेव्हा मी घर लख्ख केलं होतं, पोहे केले होते आणि लेकीला नवा फ्रॉक घातला होता. ‘कसं चाललंय?’ त्यांनी विचारलं. ‘सगळं छान आहे,’ मी म्हणाले.

साफ खोटं होतं ते. त्या आठवड्यात मी तीनदा बाथरूममध्ये नळ सोडून रडले होते. अडीच वर्षांची पोर मला जवळ येऊ देत नव्हती आणि खरं सांगायचं तर मलाही ती माझी वाटत नव्हती.

मग बोलले का नाही? कारण बाईंच्या हातात फॉर्म होता. २०२२च्या दत्तक नियमांनुसार दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी असा अहवाल जातो. मुलाच्या सुरक्षिततेसाठी तो हवाच. जुळवून घेण्यात अडचण आली, तर समुपदेशनाची सोय करावी, असंही नियम सांगतात. पण अडचण सांगायची कुणाला? अहवाल लिहिणाऱ्यालाच! वर्षानुवर्षं वाट पाहून मिळालेलं मूल परत जाईल, ही भीती मनात असताना कोणती आई तोंड उघडेल?

बाहेर बोलावं, तर तिथे वेगळीच तऱ्हा. ‘किती पुण्याचं काम केलंत!’ पुण्य केलेल्या माणसाने थकायचं नसतं. बाळंतिणीला सव्वा महिना शेक, मालिश आणि डिंकाचे लाडू असतात. ती रडली, तर निदान आज त्याला नाव तरी आहे. दत्तक आईच्या वाट्याला पेढे आणि टोमणा, ‘तुम्हीच मागितलंत ना?’ बापाला तर कुणी विचारतही नाही. दत्तकोत्तर नैराश्याबद्दल अमेरिकेत जून बाँड यांनी १९९५ साली लिहिलं. आपल्याकडे अजून अनेकांना तो कृतघ्नपणाच वाटतो.

मी पहिला फोन केला तो रात्री दीड वाजता, टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर. तिथे माझ्याबद्दल अहवाल लिहिला जाणार नव्हता, म्हणूनच बोलू शकले. पुढे डॉक्टर, गोळ्या, आणि दुसऱ्या एका दत्तक आईचं ‘मलाही वर्ष लागलं गं’ हे वाक्य. त्या वाक्याचा गोळ्यांइतकाच गुण आला.

माझं मागणं मोठं नाही. तपासणारा आणि सावरणारा माणूस वेगळा ठेवा. सावरणाऱ्याची ओळख मूल घरी येण्याआधीच करून द्या. माया उशिरा लागू शकते, हे तेव्हाच सांगा. आणि आई-बापांनी उपचार घेतले, तर ती नालायकी नव्हे, जबाबदारी समजा. मदत मागणारं घर मुलासाठी धोक्याचं नसतं. गप्प बसलेलं घर जास्त धोक्याचं.

दुसऱ्या भेटीत मी सगळं खरं सांगितलं. बाई भल्या होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, ‘हे लिहू की नको?’

त्यांना हे विचारावं लागलं, तक्रार आहे ती याचीच.