पॅकार्डचे प्रत्येक इंजिन मर्लिन नव्हे

#थ्रेड

१/ दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी नौदलाच्या पीटी बोटींचा, म्हणजे टॉर्पेडो सोडणाऱ्या वेगवान बोटींचा, विषय निघाला की एक वाक्य हमखास येते : 'त्यांत स्पिटफायर विमानाचे मर्लिन इंजिन होते.' हे विधान चुकीचे तर आहेच, शिवाय त्यामुळे वीस वर्षांचे कष्ट परक्याच्या खात्यावर जमा होतात.

२/ समजुतीचे मूळ असे. सप्टेंबर १९४० मध्ये अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने रोल्स-रॉइसचे मर्लिन परवान्याने बनवण्याचा करार केला. पीटी बोटींची इंजिनेही पॅकार्डचीच. दोन्ही बारा सिलिंडरची. झाले! 'पॅकार्ड म्हणजे मर्लिन' हे समीकरण रूढ झाले.

३/ आता नावेच वाचा. पॅकार्डने बनवलेले मर्लिन : व्ही-१६५०. बोटीतले इंजिन : ४एम-२५००. हे आकडे सिलिंडरांचे एकूण घनफळ घन इंचांत सांगतात. एक सुमारे २७ लिटरचे, दुसरे सुमारे ४१ लिटरचे. दीडपट अंतर असलेली ही दोन यंत्रे एकच कशी ठरतील?

४/ मग बोटीतले इंजिन आले कुठून? १९२० मध्ये गार वुड या अमेरिकी शर्यतपटूने विमानांची दोन लिबर्टी इंजिने 'मिस अमेरिका' बोटीत बसवून इंग्लंडमध्ये हार्म्सवर्थ करंडक जिंकला. लिबर्टीच्या दोन रचनाकारांपैकी एक, जेसी व्हिन्सेंट, पॅकार्डचाच अभियंता होता.

५/ त्याच दशकात पॅकार्डने २५०० घन इंचांचे स्वतःचे विमान-इंजिन तयार केले. १९३२ मध्ये 'मिस अमेरिका दहावी' या बोटीत गार वुडने अशी चार इंजिने बसवली आणि ताशी १२४.८६ मैलांचा विक्रम केला. पीटी बोटींचे इंजिन याच कुळातले आहे.

६/ विमानाचे इंजिन उचलून बोटीत ठेवले की काम संपले, हा दुसरा भ्रम. विमान हवेत मागे जात नाही. बोटीला धक्क्यापाशी मागे सरावे लागते. म्हणून क्लच आणि उलट गिअर हवेत. इंजिन थंड ठेवायला वारा नसतो. ते काम समुद्राच्या पाण्याकडून करून घ्यावे लागते.

७/ एल्को कंपनीच्या पीटी बोटींत तीन इंजिने असत. मधले थेट आपल्या पंख्याचा दांडा फिरवी. बाजूची दोन मात्र उलट्या तोंडाने बसवलेली. त्यांची ताकद आधी पुढे जाई आणि व्ही-ड्राइव्ह गिअरबॉक्समधून वळून मागच्या पंख्यांकडे येई. केनेडींची पीटी-१०९ याच घडणीची.

८/ 'पीटी बोटींत मर्लिन कधीच नव्हते का?' होते. १९३९ मध्ये ब्रिटनहून आणलेल्या स्कॉट-पेन यांच्या नमुना बोटीत (पुढे पीटी-९) मर्लिनच होती. पण त्या नमुन्यावरून एल्कोने ज्या बोटी बांधल्या, त्यांत पॅकार्डचे स्वतःचे इंजिन बसले. एका नमुन्यावरून साऱ्या ताफ्याचे बारसे करणे हा इतिहास नव्हे.

९/ प्रसिद्ध नाव शेजारच्या अप्रसिद्ध नावाला गिळते, हा आपल्या विषयातला जुना रोग आहे. स्पिटफायरच्या वैभवाला या उसन्या श्रेयाची गरज नाही. शर्यतींच्या कार्यशाळांत दांडे, गिअर आणि पंखे जुळवत राहिलेल्या कारागिरांना मात्र त्यांचे श्रेय मिळायला हवे. तेव्हा पुढच्या वेळी कुणी मर्लिनचे नाव घेतले, तर एवढेच विचारा : किती घन इंच?