झिंग्याचं माहेर

आधीच एक कबुली देऊन टाकते. परवापर्यंत माझी आणि कोळंबीची ओळख दोनच ठिकाणची होती. एक मेन्यूकार्ड, दुसरं सुपरमार्केटमधला फ्रीजर. बटर गार्लिक की कोळीवाडा, एवढाच काय तो आमच्यातला संवाद. ती कुठून येते, कुठे जन्मते, हे प्रश्न शुक्रवारी रात्री साडेनऊला कुणाला पडतात?

मग रूममेटच्या ताईला मुलगी झाली. ताई बाळंतपणाला माहेरी आली होती आणि बारशाला मी यायलाच हवं, असा हुकूम सुटला. माहेर म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं, इटियाडोह धरणाजवळचं एक गाव. पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने गोंदिया, तिथून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीने अर्जुनी, पुढे कुणाच्या तरी बाइकवर डबल सीट. पोचेपर्यंत माझ्या पाठीचा पार चिवडा झाला होता. पण ऑगस्टमधली ती धानाची शेतं बघितली आणि ठरवलं, ठीक आहे, माफ केलं.

तिकडे धानाच्या वाफ्याला बांधी म्हणतात. संध्याकाळी रूममेटचा धाकटा भाऊ मला बांधीवर घेऊन गेला. बांधाला मुठीएवढं भोक होतं. त्याने बिनधास्त हात घातला (मी डोळे मिटले) आणि एक तपकिरी खेकडा बाहेर काढून माझ्यासमोर उलटा धरला.

"पोट पाहा ताई. हे रुंद आहे ना, म्हणजे मादी. नराचं निमुळतं असते."

खेकड्याची शेपटी पोटाखाली दुमडलेली असते, तेच ते झाकण. त्याने ते अलगद उचललं आणि मी चक्क ओरडले. आत ज्वारीच्या दाण्याएवढे खेकडे! अंडी नाहीत, अळ्या नाहीत. पाय, नांग्या, सगळं काही असलेली तयार पिल्लं. आईला घट्ट चिकटून बसलेली.

नंतर मी जे वाचलं, ते थोडक्यात सांगते. खेकडा, शेवंड, कोळंबी ही सगळी दशपाद मंडळी. म्हणजे दहा पायांची. जगभरात त्यांच्या सुमारे १५ हजार जाती माहीत आहेत. त्यातल्या बहुतेकांचं बालपण समुद्रात जातं. अंड्यातून बाहेर पडते ती नुसती तरंगणारी अळी, आईबापांशी काडीचंही साम्य नसलेली. आपल्या कोकणातल्या शेवंडीची अळी तर काचेच्या पानासारखी चपटी आणि पारदर्शक असते. ती कित्येक महिने समुद्रात वाहत राहते, तेव्हा कुठे तिची शेवंड होते. अशा प्रवासात बहुतेक पिल्लं कुणाच्या तरी पोटात जाणार, हे ठरलेलंच. म्हणून अंडी घालायची तीही हजारोंनी, लाखोंनी.

गोड्या पाण्यातल्या खेकड्याने हा सगळा व्यापच बंद केला. अंडी मोजकी, पण मोठी आणि आत भरपूर शिधा. अळीच्या सगळ्या अवस्था अंड्याच्या आतच उरकायच्या आणि बाहेर यायचं ते खेकडा होऊनच. समुद्राशी संबंध संपला! सासर आणि माहेर एकाच बांधीत.

याचा एक मजेशीर परिणाम आहे. ज्याची पिल्लं समुद्रात वाहून जात नाहीत, तो खेकडा फार लांब पसरतही नाही. एका डोंगरावरचे इथे, पलीकडच्या डोंगरावरचे तिथे. लाखो वर्षं अशी वेगवेगळी गेली की जातीच वेगळ्या होतात. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या जगात १३०० च्या आसपास जाती आहेत आणि आपल्या सह्याद्रीत त्यांची चंगळ आहे. 'घाटियाना' नावाची त्यांची एक अख्खी प्रजाती २०१४ मध्ये विज्ञानाच्या दप्तरात नोंदली गेली. नावातच घाट! हे काम करणारे लोक आपल्या आकुर्डीच्या झूलॉजिकल सर्व्हेच्या केंद्रातले. तुम्ही रोज कंपनीच्या बसमधून ज्या परिसरातून जाता, तिथेच कुणीतरी खेकड्यांच्या नांग्या मोजत बसलेलं असतं.

रात्री जेवायला झिंगे होते. तुमच्याआमच्या कोळंबीला तिकडे झिंगे म्हणतात. वाटीभर रस्सा, त्यात वीतभर लांबीचा एक प्राणी आणि ताटाबाहेर लोंबणाऱ्या त्याच्या निळ्या नांग्या. मी विचारलं, "हा समुद्रातून इथपर्यंत येतो?" अख्खं घर हसलं. "धरणातला आहे!"

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धरणावर गेलो. इटियाडोह हे गाढवी नदीवरचं मातीचं धरण, १९७० सालचं. चहूकडे जंगल, मधे पसरलेलं पाणी, काठावर दोनतीन डोंगे. एक काकाजी जाळं सोडवत बसले होते. ढिवर समाजाचे, मासेमारी हेच पिढ्यान्‌पिढ्याचं काम.

"कोठून आल्या जी तुमी?"

पुण्याहून, झिंगे बघायला, म्हटल्यावर ते भलतेच खूश झाले. टोपलीतला एक नर उचलून दाखवला. निळ्या नांग्या त्याच्या अंगापेक्षाही लांब. याचं शास्त्रीय नाव मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी. मॅक्रोब्रॅकियम म्हणजे मोठ्या बाहूंचा. मग त्यांनी एक लहानशी मादी काढली. तिच्या पोटाखाली नारिंगी अंड्यांचा घोस लगडलेला. बघून मला काय आनंद झाला!

"म्हणजे आता हजारो पिल्लं होणार!"

"नाही होत जी."

"का?"

"अंडे देते, पिल्लं नाही जगत. बीज आणून टाकलं तं झिंगा भेटते. नाही टाकलं तं नाही भेटत."

मला वाटलं, काकाजी गंमत करताहेत. पण ते शंभर टक्के बरोबर होते. या झिंग्याने गोड्या पाण्यात संसार थाटला खरा, पण माहेर सोडलं नाही. मोठी मादी एका वेळी ८० हजार ते १ लाख अंडी घालते, साधारण २० दिवस पोटाखाली वागवते. नारिंगी अंडी करडी झाली की समजायचं, दिवस भरले. नदीत असेल तर ती प्रवाहाबरोबर खाली, खाडीकडे निघते. कारण तिच्या अळ्यांना खारट पाणी लागतं. समुद्राच्या साधारण एक तृतीयांश खारटपणा पुरतो, पण तेवढा हवाच. नुसत्या गोड्या पाण्यात त्या चारपाच दिवसांत मरतात. दोन मिलिमीटरही नसलेल्या या अळ्या उलट्या पोहतात, पोट वर आणि शेपूट पुढे. अकरा वेळा रूप बदललं की मग त्यांचे छोटे झिंगे होतात आणि काठाकाठाने, प्रवाहाविरुद्ध, नदी चढायला लागतात. ही खाऱ्या पाण्याची भानगड १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मलेशियात शाओ-वेन लिंग या शास्त्रज्ञाने सोडवली. त्याआधी या झिंग्याची पिल्लं टाकीत वाढवणं कुणाला जमत नव्हतं.

गोदावरीच्या खोऱ्यात याची एक देशी बहीण राहते, मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी. इंग्रजीतलं तिचं नाव 'मान्सून रिव्हर प्रॉन'. पावसाळा आला, नद्यांना पूर आला की ही पोटुशी बाई बंगालच्या उपसागराकडे निघते. आता नकाशा बघा. गाढवी वैनगंगेला मिळते, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता ११३ किलोमीटर वाहून सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. वाट लांबची, पण पुराचं पाणी खाली नेतं. प्रश्न परतीचा आहे. गोदावरीच्या मुखाजवळ धवळेश्वरमचा बंधारा १८५२ पासून उभा आहे. मेडिगड्डाचा बॅरेज २०१९ मध्ये आला (२०२३ मध्ये त्याचे खांब खचले, ती बातमी आठवत असेल). बोटभर पिल्लू भिंत कशी चढणार?

म्हणून मग बीज. किनाऱ्याजवळच्या हॅचरीत समुद्राचं आणि गोडं पाणी मिसळून अळ्या वाढवायच्या, छोटे झिंगे झाले की ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून ट्रकने आणायचे आणि धरणात सोडायचे. नदीने फुकट केलं असतं ते काम आता दरवर्षी पैसे मोजून. ज्या वर्षी बीज नाही, त्या वर्षी काकाजींच्या टोपलीत झिंगा नाही. त्यांच्या मुलीची फी, डोंग्याची डागडुजी, सगळं त्या पिशवीवर.

सगळेच झिंगे असे माहेरवेडे नसतात, बरं का. याच कुळातला लॅमारी नावाचा बुटका झिंगा खेकड्यासारखा शहाणा निघाला. अंडी थोडी पण मोठी, आणि सगळं आयुष्य गोड्या पाण्यात. त्याला बंधारा असला काय, नसला काय.

परत येताना रूममेटच्या बाबांना मी जरा तावातावाने म्हटलं, "धरणाने घात केला की!" ते नहराच्या काठावर थांबले. "या नहरामुळे माझे दोन्ही पोरी शिकल्या, बेटा. उन्हाळी धान नसतं तं ही पुण्याले कशी गेली असती?" मी गप्प. आमच्या फ्लॅटचं अर्धं भाडं याच पाण्यातून येत होतं, काही काळ तरी. नदी अडवली म्हणून कुणाच्या घरात धान आलं आणि कुणाची वाट बंद झाली. दोन्ही खरं. फक्त हिशेब मांडताना आपण धानाची पोती तेवढी मोजतो.

महिनाभराने ताई बाळाला घेऊन सासरी जाईल. गाडी घरापर्यंत येईल, आई शिदोरी बांधून देईल.

आणि ती अंडीवाली मादी? निघताना मी काकाजींकडे वळून पाहिलं. त्यांनी ती टोपलीत ठेवली नव्हती. डोंग्याच्या काठावरून अलगद पाण्यात सोडली.

"पण काकाजी, पिल्लं तर जगणार नाहीत ना?"

"नाही जगत जी," ते म्हणाले, "पण पोटुशी हाय ना ते."