मैनाकिनीची जबानी

बीड जिल्ह्याच्या पश्चिम सरहद्दीवर, आष्टी तालुक्यातील सावरगावानजीक गर्भगिरीच्या माथ्यावर मायंबा नावाचे जे स्थान आहे, तेथे मच्छिंद्रनाथांची समाधी मानली जाते. आणि तो डोंगर चढणाऱ्या भाविकांपैकी पुष्कळांस नाथांच्या स्त्रीराज्यातील वास्तव्याची कथा पोथीमुळे मुखोद्गत असते. ती पोथी म्हणजे धुंडिसुत मालूने शके १७४१ मध्ये, अर्थात १८१९ साली, पुरा केलेला ४० अध्यायांचा ‘नवनाथ भक्तिसार’. स्त्रीराज्याची राणी मैनाकिनी हिच्या सहवासात गुरू योगमार्ग विसरले, म्हणून शिष्योत्तम गोरक्षनाथ नर्तकीच्या मेळ्यात स्त्रीवेषाने मिसळून दरबारात शिरला आणि मृदंगाच्या बोलांतून त्याने गुरूस हाक घातली, हा प्रसंग ऐकताना आजही श्रोत्यांचे देहभान हरपते. येथे एका गोष्टीकडे लक्ष जाऊ नये, हे नवल होय, की ह्या साऱ्या प्रकरणात रूप पालटून फसवणूक करतो तो गोरक्ष; तरीही मायाविनी ठरते ती राणी.

हल्ली आमच्या तरुण लेखकांस व चित्रपटकारांस रूपे पालटणाऱ्या चेटकिणींचे मोठे आकर्षण वाटू लागले आहे. त्यास माझी हरकत नाही. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चिंची चेटकिणीने किती घरांतील मुलांस हसविले व घाबरविले, हे कोण नाकारील? हरकत आहे ती परमुलखातील निमुळती टोपी आणि उडता झाडू जसाच्या तसा उचलण्यास, कारण आमच्या पुराणांचे दप्तर नुसते उघडले तरी तेथे अधिक चमत्कारिक ऐवज सापडतो. हरिवंशातील पूतना पक्षिणी होऊन येते, तर भागवतातील पूतना रूपवती स्त्री होऊन. वाल्मीकींची शूर्पणखा स्वतःस कामरूपिणी म्हणविते खरी, परंतु रामापुढे ती आपल्या मूळ रूपानेच उभी राहते, आणि तिला लावण्यवती करून पाठविण्याची कल्पना तमिळ कवी कंबनाची. महाभारतातील हिडिंबा भीमास पाहताच मानुषी रूप धारण करते, तेही त्यास भक्षण करण्यासाठी नव्हे, तर त्याने आपला स्वीकार करावा एवढ्याचसाठी. आपल्या मूळ रूपात कोणी आपणांस घरात घेणार नाही, हे ज्या स्त्रीस पुरते कळले आहे, तिचे ते रूपांतर आहे. त्यास कपट म्हणताना माझी तरी जीभ अडखळते.

म्हणजे खुद्द जुन्या कवींनीच ही रूपे पिढ्यानुपिढ्या बदलली, आणि नव्या लेखकास अधिकार हवा असेल तर तो ह्याहून कोणता? प्रभात कंपनीने १९३२ साली शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली ‘माया मच्छिंद्र’ काढला, त्यात दुर्गाबाई खोटे राणीच्या भूमिकेत तेजाने वावरल्या. पण अखेरीस तो सारा प्रपंच शिष्याच्या परीक्षेसाठी रचलेली माया ठरला, आणि राणीची उरलीसुरली साक्षही बाद झाली. पोथीत तिचा विलाप येतो. विलाप म्हणजे जबानी नव्हे.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. ‘चेटकीण’ हा शब्द कथेबाहेर पडला की एखाद्या निराधार बाईच्या दारावर दगड पडू लागतात, आणि म्हणूनच २०१३ साली राज्यास जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. तेव्हा आजच्या एखाद्या खेड्यातील विधवेच्या अंगावर हे रूप चढवून भयपट काढण्याचा मोह ज्यास होईल, त्याने तो आवरावा. पुराणातली कामरूपिणी पुराणाच्याच भव्य मंचावर राहू द्यावी, पण कैफियत तिची घ्यावी. एखाद्या नाटककाराने गोरक्षाचा मृदंग घुमत असताना नाथांच्या मुद्रेकडे न पाहता शेजारच्या आसनाकडे पाहावे: ती हाक भरदरबारात दिली गेली होती, आणि ती ऐकूनही राणीने मृदंग थांबविण्याची आज्ञा का दिली नाही, हे तिला विचारावे.