पाच दिवसांचे पाहुणे

गणपतीला गावी गेलं की माझ्या मताचा भाव वधारतो. डोंबिवलीत सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी बोलायला उठलो तर लोक चपला शोधू लागतात. राजापूरकडच्या आमच्या वाडीत मात्र ‘मुंबईवाले काय म्हणतात ते ऐका’ म्हणून बाकीच्यांना गप्प बसवतात.

दोन वर्षांपूर्वी पाखाडीच्या जागी रस्ता करायचं घाटत होतं. अडत होतं ते एका गडग्यापाशी. जांभ्याचा तो गडगा दर पावसाळ्यानंतर पुन्हा रचताना वीतभर पुढे सरकतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बोलणार कोण? वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्षभर ‘सुप्रभात’खेरीज अक्षर नव्हतं. शेवटी देवळातल्या बैठकीत मी उठलो आणि बोललो. सगळे चिडीचूप. मग एकेक मान हलू लागली. दिवाळीच्या आत गडगा दोन हात मागे गेला.

बैठकीनंतर परतीच्या गाडीत माझी छाती फुगलेली. पनवेल येईतो मात्र आठवलं, की आदल्या रात्री पडवीत सुपारी कातरत आप्पांनीच हे सगळं मला ऐकवलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. वर म्हणाले होते, “तू बोल रे. तू काय, गौरी-गणपती झाले की चाललास.” आप्पांच्या घराला पाणी येतं ते त्या गडगेवाल्यांच्या पंपावरून.

गेऑर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने 1908 साली परक्या माणसावर एक छोटा निबंध लिहिला. जवळच्यांपासून जपून ठेवलेलं लोक परक्याला सांगतात, हे त्याने तेव्हाच हेरलं होतं. तेराव्या शतकात इटलीतली कित्येक नगरं तर आपला मुख्य कारभारी, ‘पोदेस्ता’, मुद्दाम बाहेरगावचा आणत. मुदत वर्षाची किंवा सहा महिन्यांची, आणि गावात कुणाच्या पानाला बसायचं नाही, असेही नियम असत. आम्ही मोदक सगळ्यांकडे खातो, एवढाच फरक.

गावाला मत आम्ही देतो, हा आमचा भ्रम. ते तिथेच मुरत पडलेलं असतं. बरणी उघडणारा हात तेवढा बाहेरचा लागतो. मुरलेलंच नसेल तर आम्हाला कोण विचारतो? देवळावरची कौलं काढू नका, हे मी तीन वर्षं सांगतोय. चहा देतात.

गेल्या वर्षी आरती त्या गडगेवाल्यांकडे गेली. खिरापतीचं ताट फिरत आलं आणि माझ्या पुढ्यातून तसंच पुढे सरकलं. शेजारी आप्पा होते. त्यांच्या ओंजळीत दोन मुठी पडल्या.