अंगावर काढलेली दुखणी

मागच्या महिन्यात माळा आवरताना बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात आईची पोस्टकार्डं सापडली. १९८१ साली मी बँकेत लागलो आणि गाव सोडलं, तेव्हापासूनची. मजकूर सगळीकडे जवळजवळ एकच. सुरुवातीला 'अनेक आशीर्वाद', मग पावसापाण्याची हकीकत आणि शेवटी दोन ठरलेली वाक्यं : 'प्रकृतीस जपून असावे. आम्ही सर्व खुशाल, इकडील काळजी नसावी.' त्यातलं १९८४ च्या पावसाळ्यातलं एक कार्ड मात्र शेजारच्या मुलीच्या अक्षरात आहे. आईचा उजवा हात तेव्हा प्लास्टरमध्ये होता. हे मला गणपतीला घरी गेल्यावर कळलं. कार्डावर अर्थातच 'इकडील काळजी नसावी' होतं.

ती कार्डं मी जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवली. सूनबाई म्हणाली, ''बाबा, आजींना सेल्फ लव्ह हा प्रकारच ठाऊक नव्हता.'' त्यावर आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं, ''म्हणजे आरशासमोर उभं राहायचं का गं?'' सगळे हसले आणि विषय आमटीकडे वळला. मी मात्र दोन दिवस त्या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधत बसलो. 'आत्मप्रेम' म्हटलं की माणूस आत्मकेंद्री वाटतो. 'स्वप्रेम' नुसतं कोशात शोभेल. मग लक्षात आलं की शब्द कार्डावरच होता. जपणे. आपण दागिने जपतो, मुलं जपतो, लोणच्याची बरणी पावसाळ्यात जपतो. स्वतःला जपण्याची सूचना मात्र आपण फक्त दुसऱ्याला करतो.

याच्या अगदी उलट अर्थाचा वाक्प्रचारही आपल्याकडे आहे. दुखणं अंगावर काढणे. 'तीन दिवस ताप अंगावर काढला हो,' असं सांगणाऱ्याच्या आवाजात तक्रार नसते. थोडा अभिमानच असतो. जणू काही सुट्टी न घेता पूर्ण केलेली नोकरी.

आमच्या घरात हा पराक्रम सौभाग्यवतींनी केला. आम्ही १९८६ पासून बदलापूरकर. ती अंबरनाथच्या एका शाळेत शिक्षिका, मी उल्हासनगरच्या शाखेत. तिचं एकच स्टेशन, माझी त्याहून थोडी पुढे. १९९९ च्या सुमारास ती बदलापूरच्या पुलावर अर्ध्यात थांबायला लागली. मला वाटायचं, मैत्रिणींची वाट बघतेय. तिच्या पर्समध्ये पाटीवरच्या पेन्सिली सापडायच्या. धान्य निवडताना ती कच्चे तांदूळ तोंडात टाकायची. मुलं चिडवायची, ''आई पुन्हा पहिलीत गेली.'' मीही हसायचो. एके दिवशी शाळेत प्रार्थनेच्या वेळी ती कोसळली. डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, ''माती, खडू, पेन्सिल, कच्चे तांदूळ, यातलं काय खाता?'' शरीरात लोह फार कमी झालं की अशी विचित्र खा-खा सुटते, हे मला त्या दिवशी कळलं. हिमोग्लोबिन ५.८ निघालं. बाईचं निदान १२ असायला हवं. गर्भाशयात गाठी होत्या आणि अडीच वर्षं दर महिन्याला बेसुमार रक्त जात होतं.

अडीच वर्षं! का बोलली नाही? आधी मुलाची दहावी होती. मग माझ्या आईचा मोतीबिंदू. मग गणपती, मग सहामाहीचे पेपर तपासणं. शिवाय 'ते काय सांगण्यासारखं होतं का?' कर्जदार शाखेचा जिना कसा चढतो यावरून याचा हप्ता थकणार की नाही, हे मी ओळखत असे आणि त्याबद्दल साहेबांची शाबासकीही मिळवली होती. घरातलं माणूस जिना कसं चढतं, ते मात्र मी पाहिलं नाही. रक्ताच्या बाटल्या लागल्या, शस्त्रक्रिया झाली, महिनोन् महिने लोहाच्या गोळ्या झाल्या. मग हळूहळू तिचा चेहरा पुन्हा तिचा झाला.

बँकेत एक नियम आहे. खात्यावर दोन वर्षं खातेदाराने स्वतः काही व्यवहार केला नाही, तर ते निष्क्रिय ठरतं. बँकेने जमा केलेलं व्याज किंवा कापलेले चार्जेस हा व्यवहार धरत नाहीत. खातेदाराने स्वतः यावं लागतं. दहा वर्षं कोणी फिरकलं नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेने २०१४ साली सुरू केलेल्या निधीत जाते. अर्थात तिथूनही वारसाला ती परत मागता येते. अशी खाती मी आयुष्यभर हाताळली. खातेदाराला पत्रं पाठवायची, पत्ता बदललेला असायचा, पत्र परत यायचं. शरीरही पत्रं पाठवतंच. पुलावरची धाप, पर्समधली पेन्सिल. आमच्याकडे ती सगळी न उघडता परत गेली.

एवढं झाल्यावर मी तरी शहाणा व्हायला हवं होतं. २००९ साली तपासणीत रक्तदाब जास्त निघाला. गोळ्या चार महिने घेतल्या. बरं वाटायला लागलं म्हणून बंद केल्या. आधी काही त्रास होत होता अशातलाही भाग नव्हता. या आजाराचं कपट तेच. ३० सप्टेंबर २०१३, सोमवार, सहामाही क्लोजिंगचा दिवस. तेव्हा माझी बदली मुंबईत झाली होती. सकाळी आठच्या सुमारास, गाडीने घाटकोपर सोडलं आणि उजव्या हातातलं वर्तमानपत्र खाली पडलं. उचलायला गेलो तर बोटं ऐकेनात. दहा-बारा मिनिटांनी पूर्ववत झाली. मी उतरलो, चहा प्यायलो आणि दिवसभर क्लोजिंग केलं. घरी येऊन रात्री अकराला हिला सहज म्हणून सांगितलं. पुढच्या पाच मिनिटांत आम्ही रिक्षात होतो. कल्याणला पोचेपर्यंत ती एकदाच बोलली, ''माझ्या वेळी 'गप्प का बसलीस' म्हणून रागावला होतात. आठवतंय?''

मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत छोटी गुठळी क्षणभर अडकली आणि माझ्या नशिबाने सुटली, असं डॉक्टरांनी सांगितलं. ही मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असते. अशा वेळी हात पुन्हा चालू लागला तरी गाडीतून उतरून थेट रुग्णालय गाठायचं. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही अचानक झालं तरी हेच. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. ''आणि तुम्ही आलात पंधरा तासांनी,'' डॉक्टर म्हणाले. बँकेचं क्लोजिंग मात्र वेळेत झालं होतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार देशातल्या शंभर प्रौढांमागे पस्तिसांहून अधिक जणांना उच्च रक्तदाब आहे, आणि मधुमेही तर १० कोटींच्या वर. सकाळच्या डब्यात माझ्या आसपास पत्ते कुटणाऱ्यांपैकी किती जणांच्या खिशात गोळी होती, कोण जाणे.

स्वतःला जपणारं माणूस मी पाहिलंच नव्हतं असं नाही. उल्हासनगरच्या शाखेत एक सिंधी अम्मा यायच्या. पापड-लोणच्याचं छोटं दुकान, दर सोमवारी भरणा. हे गाव म्हणजे महायुद्धातली लष्करी छावणी, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा मिळाली आणि १९४९ साली त्याचं उल्हासनगर झालं. कॅम्प एक ते पाच ही नावं आजही चालतात. अम्मा त्याच लोंढ्यात, लहान मुलगी म्हणून आलेल्या. दुपारी एक वाजला की त्या शटर अर्धं खाली ओढून जेवायला बसत. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, अर्ध्या तासाने या. एकदा कर्जाच्या तपासणीसाठी मी नेमका एक वाजता पोचलो. मलाही बाहेरच्या बाकावर बसवलं. जरा चिडूनच मी म्हणालो की, धंदा करायचा तर असं कसं चालेल? बोटं चाटत त्या म्हणाल्या, ''साईं, वहाँ से हम क्या लाए थे? घर नहीं, दुकान नहीं. ये शरीर लाए थे. बाकी सब इसी ने बनाया.'' आणि माझ्यासमोर पापड ठेवला. तेव्हा मला ते बाईंचं चातुर्य वाटलं, गिऱ्हाइकाला थांबवण्याची युक्ती. आता वाटतं, इतका स्वच्छ हिशेब माझ्या एकाही खातेदाराने मांडला नाही.

आम्हाला तो जमत नाही याचं एक कारण सवय. विठ्ठलवाडी-उल्हासनगरच्या पट्ट्यात गाडी आली की नवखा प्रवासी नाकाला रुमाल लावतो. तो वास वालधुनीचा. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराला खेटून वाहणारी ही नदी कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी वाहत उल्हासनगरातून जाते. जुना पासधारक रुमाल काढत नाही. त्याला वास येतच नाही. नाक मेलं की नदी स्वच्छ झाल्यासारखी वाटते. दुखण्याचंही तसंच होतं. (मी रोज चाललो आणि वेळेवर जेवलो म्हणून वालधुनी सुधारणार नाही, हेही सांगायला हवं. तो हिशेब नगरपालिकांना, कारखान्यांना आणि प्रदूषण मंडळालाच विचारायला हवा.)

दुसरं कारण अधिक खोलवरचं आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी, नवरात्रात, महाराष्ट्र सरकारने अठरा वर्षांवरच्या सर्व स्त्रियांच्या आरोग्य तपासणीची मोहीम सुरू केली. नाव, 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित'. २०२५ च्या सप्टेंबरात केंद्राने देशभर शिबिरं घेतली. नाव, 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार'. शिबिरं चांगलीच, राज्यातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. अशी तपासणी हिला वेळेवर मिळती, तर ती प्रार्थनेत कोसळली नसती. पण नावं पाहा. बाईने बरं व्हायचं ते घरासाठी. आमच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. लग्न केलं नाही. त्यांनी कोणाचं घर सुरक्षित करायचं? त्यांच्या गुडघ्यांनी कोणता परिवार सशक्त होणार? त्यांना दुखतं, एवढं कारण पुरायला हवं. हिनेही 'पोरांकडे कोण बघणार' म्हणूनच औषध घेतलं होतं. पोरं आता आपापली बघतात आणि तेच कारण धरून बसली असती, तर आज तिच्याकडे लोहाची गोळी घ्यायला कारणच उरलं नसतं.

'जपा हो स्वतःला' असं सांगणं सोपं आहे. बदलापूरहून पावणेसहाची गाडी धरणारी बाई मुंबईपर्यंत ६८ किलोमीटर, दीड-पावणेदोन तास उभी जाते. वाटेत सोय नाही म्हणून सकाळी पाणीच पीत नाही. तिला 'दिवसभर भरपूर पाणी प्या' हा सल्ला कोणत्या तोंडाने द्यायचा? २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं निघाली, ते करणाऱ्या पुरुषांची ८८. स्वतःला जपायला वेळ लागतो आणि तो दुकानात विकत मिळत नाही. तिथे मेणबत्त्या आणि चेहऱ्याला फासायचे लेप मिळतात. बाईचा वेळ घरातल्याच कोणाच्या तरी ताब्यात असतो. आमच्या घरी तो बरीच वर्षं माझ्या ताब्यात होता.

आता दर महिन्याच्या एक तारखेला आम्ही एकमेकांचा रक्तदाब मोजून वहीत टिपतो. बँकेची सवय, खाली सही लागते. गुरुवारी दुपारी ती काहीही करत नाही आणि मी विचारत नाही. पहिली गरम भाकरी एक दिवसाआड तिच्या ताटात पडते. ती भाजतो मी, त्यामुळे आकाराबद्दल बोलू नये.

परवाच्या शनिवारची गोष्ट, ज्या मुलीची आहे तिच्या परवानगीने सांगतो. वरच्या मजल्यावरची चौतीस वर्षांची मुलगी, रोज मुंबईला जाणारी. छातीत गाठ लागतेय असं तिने हिला जिन्यात सांगितलं. चार महिने झाले होते. धाकट्याची ॲडमिशन, मग सासूबाईंचं आजारपण. हिने पर्स उचलली आणि दोघी तिथूनच निघाल्या. तपासणी झाली, सुईने नमुना घेतला. बाहेर बाकावर बसल्या असताना मुलीच्या नवऱ्याचा फोन आला. डाळीला शिट्ट्या किती? ती सांगायला लागली, तर हिने फोन आपल्या हातात घेतला. ''अरे, आधी डाळ भिजवलीस का ते सांग.'' भिजवली नव्हती. मग तो कुकरपाशी आणि ही रुग्णालयाच्या बाकावर, असा पंधरा मिनिटं वर्ग चालला. मुलगी पलीकडे डोळे मिटून नुसती बसली होती.

रिपोर्ट मंगळवारी मिळणार आहे. तिने रजा टाकली आहे. त्यानेही.